पहिले इलेक्ट्रिक आरसी विमान: तयार घ्यावे, की घरी बांधावे? (नाशिक)

पाथर्डीफाटा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि पाथर्डी फाट्याजवळ राहतो. माझा मुलगा यंदा आठवीत आहे. आकाशात सुखोईचा आवाज आला की तो पुढ्यातले ताट सोडून गच्चीवर धावतो, आणि गेल्या दिवाळीपासून त्याने रिमोटवर उडणारे विमान हवे म्हणून धोशा लावला आहे. खरे सांगायचे तर ही हौस त्याच्याइतकीच माझीही आहे, परंतु आम्हा दोघांनी आजवर पतंगाखेरीज काहीही उडवलेले नाही.

सर्व मिळून 15 हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. पाहून ठेवलेली विमाने तीन प्रकारची आहेत. पहिले अर्ध्या मीटरच्या पंखांचे, जायरो (विमान आपोआप सरळ ठेवणारे उपकरण) बसवलेले, खोक्यातून काढून लगेच उडवता येईल असे. दुसरे सुमारे सव्वा मीटर पंखांचे फोमचे ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, ज्यासाठी ट्रान्समीटर (हातातला रिमोट), बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतील. तिसरे म्हणजे हुबेहूब सुखोईसारखे दिसणारे, डक्टेड फॅनवर, म्हणजे नळीत बसवलेल्या पंख्यावर चालणारे जेट. मुलाचे मत तिसऱ्याला आहे, हे सांगायला नकोच. घरी फोम शीट कापूनही विमान बांधता येते असे वाचले, पण ते नवशिक्याला जमेल का, याचा अंदाज येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फोमकारागीर

आपले स्वागत आहे. सुखोईचा विषय आधी संपवतो, म्हणजे घरातला वाद मिटेल. डक्टेड फॅनच्या जेटमध्ये वजन जास्त आणि पंखांचे क्षेत्रफळ कमी असते, त्यामुळे ते हवेत टिकण्यासाठी सतत वेगात ठेवावे लागते. बॅटरी ते फार झपाट्याने रिकामी करते आणि हातातून सोडताना पहिल्या दोन सेकंदांतच, वेग पकडण्याआधी, नाक खाली घालते. त्या दोन सेकंदांत काय करायचे हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे, त्याच्यासाठी ते विमान आहे. मुलाला सांगा की सुखोई रद्द झालेले नाही, फक्त त्याचा क्रमांक तिसरा किंवा चौथा आहे. सुखोई चालवणारे वैमानिकही शिकताना आधी साध्या प्रशिक्षण विमानातच बसतात.

पहिल्या पर्यायाबद्दल माझा स्वतःचा अनुभव कडवट आहे. मी सुरुवातीला असेच एक छोटे तयार विमान घेतले होते. चौथ्या दिवशी त्याचा पंख तुटला आणि सुटा पंख विकत मिळेना. दुकानदाराने दोन महिने ‘माल येतोय’ एवढेच सांगितले (दुकानाचे नाव येथे देत नाही). त्याच्यासोबत आलेला ट्रान्समीटर फक्त त्याच विमानाशी बोलणारा असल्यामुळे तोही अडगळीत गेला. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की नवशिक्याने विमान निवडताना ते कसे उडते यापेक्षा ते कसे मोडते, आणि मोडल्यावर घरातल्या टेबलावर सायंकाळपर्यंत दुरुस्त होते की नाही, हे आधी पाहावे. विमान मोडणार आहे, याविषयी शंका बाळगू नका.

म्हणून माझा सल्ला असा, की सर्वांत आधी ट्रान्समीटर निवडा आणि त्यासाठी पैसे राखून ठेवा, कारण विमाने येतील आणि जातील, ट्रान्समीटर मात्र पाच-सात वर्षे हातात राहील. फ्लायस्काय एफएस-आय6 हा सहा चॅनेलचा 2.4 गिगाहर्ट्झचा संच आपल्याकडे सहज मिळतो आणि शिकण्यासाठी पुरेसा आहे. घेताना तो ‘मोड 2’ आहे याची खात्री करा, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग कमीजास्त करणे) डाव्या हाताच्या दांड्यावर येईल. आपल्याकडे बहुतेक जण याच पद्धतीने शिकतात, त्यामुळे पुढे कोणी शिकवायला भेटला तर अडचण येत नाही.

विमान घरी बांधणे तुम्हाला निश्चित जमेल. फोम शीटच्या, पाठीवर पंख असलेल्या ट्रेनरचे नकाशे विनामूल्य मिळतात. 2212 आकाराची 1000 केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग), पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारे नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो आणि तीन सेलची 1300 एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी एवढ्यावर सुमारे सव्वा मीटर पंखांचे, 700 ग्रॅमच्या आसपासचे विमान निवांत उडते. अर्ध्या थ्रॉटलवर सरासरी सहा अँपिअर खर्च धरला आणि बॅटरीतला पाचवा हिस्सा शिल्लक ठेवला, तर सुमारे दहा मिनिटे हवेत राहता येते. नवशिक्याची मान आणि बोटे त्याआधीच आखडतात, तेव्हा याहून मोठ्या बॅटरीचा मोह नको.

चिकटवण्यासाठी ग्लू गन वापरा. साध्या पांढऱ्या थर्माकोलवर फेव्हिक्विक लावू नका. ते थर्माकोल खाऊन टाकते आणि जोडायला घेतलेल्या भागाच्या जागी खड्डा उरतो. पंखाला ताकद देण्यासाठी कार्बनची नळी मिळाली तर उत्तम, नाहीतर पतंगाला लावतात तशी बांबूची सरळ कामटीही चालते.

ओझरकर_निवृत्त

मी ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समधून निवृत्त झालो असून मॉडेल विमानांचा नाद इंधनावर चालणाऱ्या ग्लो इंजिनच्या काळापासून आहे. त्या काळी प्रत्येकाच्या संचात ठरावीक फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल असे, आणि मैदानावर दुसऱ्या कोणी त्याच फ्रिक्वेन्सीवर संच सुरू केला की आपले विमान डोळ्यांदेखत जमिनीत शिरत असे. 2.4 गिगाहर्ट्झच्या संचांनी ती धास्ती संपवली, ही आताच्या पिढीची मोठी सोय आहे.

फोमकारागीर यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु विमान निवडताना दुरुस्तीच्या जोडीला एक साधे गणितही करावे असे मला वाटते. विमानाचे बॅटरीसह एकूण वजन ग्रॅममध्ये घ्यावे आणि त्याला पंखाच्या चौरस डेसिमीटरमधील क्षेत्रफळाने भागावे. सव्वा मीटरच्या आसपासचा, म्हणजे 120 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद पंख असेल, तर क्षेत्रफळ 24 चौरस डेसिमीटर होते आणि 700 ग्रॅम वजनाला विंग लोडिंग, म्हणजे पंखावरचा भार, 29 येते. असे विमान ताशी सुमारे 24 किलोमीटर इतक्या कमी वेगापर्यंत हवेत तग धरते, म्हणजे उतरताना ते जवळजवळ सायकलच्या वेगाने येते आणि चूक सुधारायला वेळ देते. तेच लोडिंग 60 झाले, तर किमान वेग ताशी 35 किलोमीटरवर जातो. आकडे फार दूरचे वाटत नाहीत, पण जमिनीवर आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तेवढ्याच वजनाला धक्का दुप्पट बसतो. पहिल्या विमानासाठी हा आकडा 35 च्या आत ठेवावा. विक्रेता वजन आणि पंखाचे माप सांगत नसेल, तर ते विमान घेऊ नये.

पंख विमानाच्या पाठीवर असावा आणि त्याची दोन्ही टोके किंचित वर उचललेली असावीत. या उचलीला डायहेड्रल म्हणतात. एका बाजूला कललेले विमान हात सोडल्यावर आपोआप सरळ होऊ पाहते, ते या उचलीमुळे. लढाऊ विमानांच्या नकलांमध्ये हा गुण मुद्दामच कमी असतो.

आता गुरुत्वमध्याविषयी, ज्याकडे नवशिके सर्वाधिक दुर्लक्ष करतात. बॅटरी बसवून, उडण्यास पूर्ण तयार अवस्थेत, विमान पंखाखाली दोन तर्जन्यांवर तोलून पाहावे. 20 सेंटिमीटर रुंदीच्या पंखाचा तोल पुढच्या कडेपासून पाच ते साडेसहा सेंटिमीटरवर यायला हवा. नाक थोडे जड असेल, तर विमान आळशी वाटते पण ऐकते. शेपूट जड असेल, तर पहिल्याच उड्डाणात ते माकडासारखे उड्या मारते आणि त्याला जगातील कोणताही नवशिका आवरू शकत नाही. तोल साधण्यासाठी आधी बॅटरी पुढेमागे सरकवावी. नाकात शिसे भरणे हा शेवटचा उपाय.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने येथे हवा विरळ आहे, तेव्हा मोठा पंख घ्या, असेही कोणीतरी तुम्हाला सांगेल. तो फरक किमान वेगात जेमतेम तीन टक्क्यांचा आहे, त्याची चिंता करू नका. चिंता वाऱ्याची करा. थंडीतल्या सकाळी साडेआठपर्यंतची हवा शिकण्यास उत्तम असते, आणि मे महिन्याच्या दुपारी तर मीसुद्धा विमान गाडीतून बाहेर काढत नाही.

पाथर्डीफाटा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुखोईचा क्रमांक चौथा असल्याचे मुलाने नाइलाजाने मान्य केले आहे, पण त्याने तसे कागदावर लिहून घेतले आहे.

तीन शंका उरल्या आहेत. पहिली, पहिला पर्याय नको म्हणता, म्हणजे जायरोही टाळावा का? दुकानात तर जायरोशिवाय नवशिक्याने हात लावू नये असे सांगितले. दुसरी, लिपो बॅटरीला आग लागते असे ऐकून घरातून विरोध होत आहे. तिसरी, उडवायचे कुठे? घराजवळ एक रिकामा भूखंड आहे, पण शेजारी इमारती आहेत.

गिरणारे_मार्गे

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण नाशिकमध्ये हीच शंका पहिली असायला हवी. आपल्या शहराभोवती ओझरचा विमानतळ आहे, गांधीनगरला लष्कराच्या हवाई शाखेची प्रशिक्षण संस्था आणि धावपट्टी आहे, देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे. ड्रोन नियम 2021 नुसार हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग केलेले असून त्यांचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतला भाग जमिनीपासूनच पिवळा असतो, म्हणजे तेथे परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवे क्षेत्र 200 फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे 400 फुटांपर्यंत असते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. तुम्ही पाथर्डी फाट्याला राहता, तेथून गांधीनगर आणि देवळाली दोन्ही दूर नाहीत, त्यामुळे तो रिकामा भूखंड इमारतींमुळे नव्हे, तर नकाशामुळेच बाद होण्याची शक्यता जास्त. ‘खेळण्यातले विमान आहे हो साहेब’ हे उत्तर तेथे चालणार नाही.

तुमचे 700 ग्रॅमचे विमान 250 ग्रॅम ते दोन किलोच्या ‘मायक्रो’ वर्गात येते. या वर्गात व्यावसायिक नसलेल्या वापरासाठी वैमानिक परवान्याची अट नाही. विमान नजरेच्या टप्प्यात ठेवणे मात्र आवश्यक आहे, आणि शिकताना 30-40 मीटरपेक्षा वर जाण्याचे कारणही नाही. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी नकाशा पुन्हा पाहा आणि पोलिसांचे मनाई आदेश आहेत का तेही तपासा. सिंहस्थासारख्या प्रसंगी ते निघू शकतात.

आम्ही शहराच्या पश्चिमेला, नकाशावर हिरव्या दिसणाऱ्या भागात, ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात उडवतो. कांदा निघाल्यानंतरचे रान सर्वांत चांगले, कारण माती मऊ असते आणि उभे पीक नसते. द्राक्षबागेपासून मात्र चार हात नव्हे, चारशे हात दूर राहा. माझे दुसरे विमान गेल्या हिवाळ्यात एका बागेत उतरले. तारा आणि लोखंडी अँगल यांच्यामध्ये पंखाचे तीन तुकडे झाले, ते सोडाच. बागेत नुकतीच फवारणी झालेली असल्याने मालकाने मला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आत पाऊल टाकू दिले नाही, आणि त्याचे म्हणणे योग्यच होते. चार घड गळाले त्याची भरपाई मी न मागता दिली, म्हणून आजही त्या बांधावर मला चहा मिळतो.

जानेवारीत आणखी एक सावधगिरी घ्या. संक्रांतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन आठवडे मी शहरालगत विमान उडवत नाही. मांजा हवेत दिसत नाही, आणि प्रोपेलरभोवती गुंडाळला की मोटर जागच्या जागी थांबते.

ओझरकर_निवृत्त

पहिला पर्याय टाळण्याचे माझे कारण फोमकारागीर यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. जायरो वाईट नाही, अर्ध्या मीटरचे विमान वाईट आहे. 100 ग्रॅमच्या आतले ते विमान आपल्याकडच्या साध्या सकाळच्या झुळकीनेही पानासारखे भरकटते, आणि जायरो ते सरळ ठेवण्याच्या धडपडीत असताना वारा त्याला शेजारच्या शिवारात घेऊन जातो. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा आहे, पहिल्या दहा मिनिटांत विमान मोडले तर त्याची हौस मोडू शकते, हेही ध्यानात घ्यावे. मोठ्या ट्रेनरमध्ये जायरो बसवून, ट्रान्समीटरवरच्या एका स्विचने तो बंद करता येईल अशी सोय ठेवली, तर मला त्यात काहीही गैर दिसत नाही.

मात्र एक तपासणी न चुकता करावी. विमान हातात धरून उजवीकडे कलवावे. अशा वेळी जायरोने उजव्या पंखावरचे एलेरॉन (मागच्या कडेची हलणारी पट्टी) खाली आणि डावे वर न्यायला हवे, म्हणजे विमान सरळ करण्याच्या दिशेने. उलट झाले, तर तो जायरो विमान पाडण्यासाठीच बसवला आहे असे समजावे.

फोमकारागीर

ओझरकर काकांचे म्हणणे मान्य आहे, फक्त क्रम माझा राहू द्या: आधी जायरो बंद ठेवून सिम्युलेटरवर (संगणकावर विमान उडवण्याचा सराव देणाऱ्या प्रोग्रॅमवर) पंधरा-वीस तास घालवा, मग ठरवा. पिकासिम हे सिम्युलेटर विनामूल्य आहे आणि एफएस-आय6 सिम्युलेटरच्या केबलने संगणकाला जोडता येतो, त्यामुळे बोटांना खऱ्या दांड्यांचीच सवय लागते. सिम्युलेटरवर एकच गोष्ट घोटवा. विमान आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे वाटू लागते, आणि नवशिक्यांची निम्मी विमाने त्या क्षणीच पडतात. अशा वेळी जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूला दांडा ढकलायचा. तो आधार दिल्यासारखा वर येतो. मुलगा हे तुमच्याआधी शिकेल, वाईट वाटून घेऊ नका.

बॅटरीविषयी घरच्यांची भीती अनाठायी नाही. लिपोचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टचा असतो, त्याहून जास्त भरू नये आणि वापरताना साडेतीन व्होल्टच्या खाली उतरवू नये. बॅलन्स चार्जरच घ्यावा, म्हणजे तिन्ही सेल सारखे भरले जातात. 1300 एमएएचच्या बॅटरीला 1.3 अँपिअरचा प्रवाह द्यावा, घाई करू नये. आठवडाभर उडवायचे नसेल, तर बॅटरी दर सेलला 3.8 व्होल्टवर आणून ठेवावी. भरलेली ठेवली तर ती लवकर फुगते, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. चार्जिंग फरशीवर, मातीच्या कुंडीत, आणि जागेपणी करावे. एप्रिल-मेमध्ये ती बंद गाडीत कधीही ठेवू नये. आमच्या घरी चार्जिंग सुरू असताना कोणी बाहेर जाणार असेल, तर प्लग काढूनच जातो. सौभाग्यवतींनी हा नियम केला आणि मी तो पाळतो.

गिरणारे_मार्गे

एक राहिले. पहिल्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी विमानातल्या रिसीव्हरचे फेलसेफ लावा, म्हणजे सिग्नल तुटला तर मोटर बंद पडेल. ते तपासताना प्रोपेलर काढून ठेवा आणि मगच ट्रान्समीटर बंद करा. हा प्रोपेलर खेळण्यातला नाही, बोट कापतो. रानात पोहोचल्यावर वाऱ्याकडे तोंड करून विमान सोडा, नाक वर करून फेकू नका, क्षितिजाला समांतर भाल्यासारखे ढकला. सूर्य पाठीमागे असू द्या, नाहीतर उन्हात विमान काळा ठिपका होते आणि ते येत आहे की जात आहे तेच कळत नाही.

पाथर्डीफाटा

सर्वांचे आभार. ठरले ते सांगतो: ट्रान्समीटर, बॅलन्स चार्जर आणि दोन बॅटऱ्या आधी घेतो, विमान फोम शीटचे घरीच बांधतो, आणि जायरोचा निर्णय सिम्युलेटरवरच्या तासांनंतर घेतो. कालच नकाशा पाहिला. ‘मार्गे’ ताईंचा अंदाज खरा निघाला, आमचा भूखंड बाद झाला. मुलाने फोमवर पंखाची रेघ आखून ठेवली आहे. शेपटीवर निळ्या-पिवळ्या पट्ट्या काढायच्या की सुखोईचा करडा रंग द्यायचा, यावर आज घरात चर्चा सुरू आहे.

ओझरकर_निवृत्त

वरून पिवळा आणि खालून गडद निळा द्यावा. करडा रंग आकाशात हरवतो, आणि खऱ्या सुखोईला तो नेमका त्याचसाठी देतात.